माफी कुणाकडं मागायची

रविवारी विहारात वंदना संपल्यावर एक म्हातारी बुद्धमूर्तीसमोर हात जोडून काहीतरी पुटपुटत राहिली. "मावशे, इथं नवस चालत नाही," कुणीतरी हसत म्हणालं. ती ओशाळली.

मला माझी आई आठवली. तिनं तांदळाच्या डब्यात खंडोबाचा टाक लपवून ठेवला होता. धम्मात देव नाही, म्हणून विशीत असताना मी तो तिच्यादेखत नदीत फेकला. "बरं केलंस बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

देव नाही, हे मला आजही पटतं. म्हणजे माफ करायचं ते माणसानंच. माझ्यासाठी ते माणूस आई होती, आणि ती असेपर्यंत मी तोंड उघडलं नाही.