चांदीबाईंची सही

हिंगोलीला एसटीतून उतरलो तेव्हा काखेत एक निळी फाइल होती आणि मनात भरपूर आत्मविश्वास. फाइलमध्ये सामंजस्य कराराच्या तीन प्रती. एका बाजूला आमच्या विद्यापीठाचा विस्तार विभाग, दुसऱ्या बाजूला गोरेगावच्या पलीकडच्या एका तांड्याची ग्रामपंचायत. असे करार मी त्या वर्षी बऱ्याच गावांशी करून आलो होतो. सरपंचांनी सही करायची, शिक्का उठवायचा, चहा घ्यायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. निघताना विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "शुक्रवारी कुलगुरूंसमोर बैठक आहे. हा शेवटचा करार राहिलाय. सहीशिवाय येऊ नका."

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, कचेऱ्या जुन्याच. स्टँडबाहेर भजी खाल्ली आणि गोरेगावची जीप शोधली. चालक याकूबभाई बोनेटला टेकून उभे होते. जीप आत भरली होती, मागे लटकलेले दोघे होते, तरी त्यांच्या मते अजून तीन जणांची जागा होती.

"साहेब, कौनसे डिपार्टमेंट से?" माझी फाइल बघून त्यांनी विचारलं.

"विस्तार," मी म्हणालो.

बस, एवढंच बोललो.

आमच्या सांगलीकडच्या मंडळींची एक समजूत आहे की मराठवाडा म्हणजे उन्हाने करपलेलं माळरान. त्यांना मी एकदा भाद्रपदात सेनगावच्या रस्त्याने आणणार आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडू लागलेलं, मधूनमधून तुरीचे हिरवे पट्टे, लांबवर बुटक्या टेकड्या. माती इतकी काळी की ओलं शेत तव्यासारखं दिसतं. हे सगळं मी मान वाकडी करून पाहिलं, कारण माझ्या खांद्यावर एका अनोळखी गृहस्थांनी डोकं ठेवून झोप काढली.

गोरेगावात बाकीचे उतरले आणि याकूबभाई मला पुढे तांड्यापर्यंत सोडायला तयार झाले. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे, आता सगळे शेती करतात. वस्तीअलीकडच्या ओढ्यात जीप रुतली. मी ढकलायला उतरलो. जीप निघाली, माझी उजवी चप्पल मात्र त्या काळ्या मातीने ठेवून घेतली. याकूबभाईंनी आणि मी हात घालून शोधली, मिळाली नाही. मग डावीही काढून ठेवली आणि विद्यापीठाचा प्रतिनिधी अनवाणी तांड्यात शिरला.

बघतो तर पंचवीस-तीस माणसं उभी. एवढं स्वागत माझं कुठेच झालं नव्हतं. एक म्हातारे पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, रस्ता वाढवा, बराबर हाय. पन माझा गोठा तेवढा सोडा."

आमच्या आधी एक मोटारसायकलवाला गोरेगावहून येऊन बातमी देऊन गेला होता. याकूबभाईंनी गोरेगावात थांबून चहा पिताना 'विस्तारवाले साहेब' आल्याचं सांगितलं होतं आणि विस्तार म्हटल्यावर रस्ता सोडून दुसरं काय असणार? मी समजावून सांगितलं की आमचा विस्तार रस्त्याचा नसून ज्ञानाचा आहे. गर्दी निम्मी ओसरली. गोठेवाले आजोबा तेवढे खूश होऊन थांबले.

सरपंच कोण, ते मला कागदावरून ठाऊक होतं: चांदीबाई राठोड. पण बाई सरपंच असली की कारभार नवरा बघतो, हा माझा अनुभव. म्हणून मी त्यांच्या नवऱ्याला गाठलं, फाइल उघडली आणि पेन पुढे केलं. तो गृहस्थ दोन पावलं मागे सरला.

"सई तिची हाय," तो म्हणाला. "मी शेळ्या राखतो."

चांदीबाई पन्नाशीच्या, अंगावर आरशांचा कशिदा केलेली चोळी, आवाज शांत. सगळा तांडा त्यांना याडी (आई) म्हणायचा. त्यांनी आधी माझे पाय धुवायला पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि असा ठेचा की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सायेब भावुक झाले," याकूबभाई म्हणाले.

जेवण झाल्यावर मी पुन्हा पेन काढलं. चांदीबाईंनी सुनेला हाक मारली. सुनीता बारावी शिकलेली. "वाच," त्या म्हणाल्या. "समदं वाच."

"समदं?" माझ्या तोंडून निघालं. आजवर कोणी वाचायला घेतलं नव्हतं.

सुनीता वाचू लागली. "यापुढे विद्यापीठास पक्ष क्रमांक एक व ग्रामपंचायतीस पक्ष क्रमांक दोन असे संबोधण्यात येईल."

"आमी कोन्त्याच पक्षात न्हाई," चांदीबाई म्हणाल्या. "मी बिगरपक्षाची निवडून आले."

गोठेवाले आजोबाही बोलले, "शिवाय पितृपक्ष चालू हाय."

तिन्ही पक्ष वेगळे आहेत हे सांगता सांगता मला घाम फुटला. पुढे सुनीताने वाचलं, "पक्ष क्रमांक दोन याने जागा, बैठकव्यवस्था, मनुष्यबळ व चहापान पुरविणे बंधनकारक राहील."

"म्हंजे?"

"म्हणजे हे तुम्ही द्यायचंच."

"पक्ष क्रमांक एक हा यथाशक्य मार्गदर्शन करील."

"यथाशक्य म्हंजे?"

"म्हणजे... जमेल तसं."

चांदीबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दुकानदार ताजव्याकडे बघतो तसं. "आमचं द्यायचंच, अन् तुमचं जमंल तसं. असं काहून (का) हो?"

त्यांनी वस्तीच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एक लोखंडी बोर्ड वाकून उभा होता, अक्षरं पुसलेली. "मागं बी एक सायेब आले होते. सई घेतली, बोर्ड लावला, गेले. आता शेळ्या त्याला अंग घासून राहिल्या."

मग नवरा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. मागल्या पावसाळ्यात त्यांच्या अकरा शेळ्या चार दिवसांत मेल्या होत्या. तांड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं असंच. "लस असती म्हनत्यात. कोनी आनली न्हाई."

चांदीबाईंची मागणी साधी होती. विद्यापीठाचा माणूस महिन्यातून एकदा येईल आणि शेळ्यांना लस टोचली जाईल, हे कागदावर लिहा. मी सांगितलं की मसुदा वरून ठरलेला आहे, त्यात शब्द घालायचा तर विभागप्रमुखांना विचारावं लागेल.

"मंग इचारा," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून सुनीताला घेऊन जीपमध्ये जाऊन बसल्या.

गोरेगावच्या एसटीडी बूथमध्ये लाइन लागायला अर्धा तास गेला. आवाज इतका बारीक की मला ओरडावं लागलं, आणि मी ओरडतोय म्हटल्यावर बाजार गोळा झाला. कापड फाडणारा दुकानदार हातात मीटर घेऊनच आला. मी शेळ्यांचं सांगितलं. विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही सही आणायला गेलात की शेळ्या?" शेवटी चांदीबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. एव्हाना लाइन स्वच्छ झाली होती आणि सरांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"हे पहा बाई, विद्यापीठ याबाबत तत्त्वतः सकारात्मक आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे आपली सूचना विचाराधीन ठेवता येईल."

"म्हंजे?"

"म्हणजे योग्य त्या स्तरावर..."

"म्हंजे?"

मग सर हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे बाई, सध्या नाही."

"हां, आता समजलं," चांदीबाई म्हणाल्या. "मंग आमचं बी तत्त्वतःच हाय." आणि रिसीव्हर ठेवून दिला. बाजार खो खो हसला. याकूबभाईंनी तर टोपी काढून डोळे पुसले.

मीही हसलो, पण हसता हसता लाज वाटली. त्या 'यथाशक्य'च्या प्रती मीच टाइप करून घेतल्या होत्या आणि कितीतरी सरपंचांपुढे पेन धरलं होतं. बूथच्या काउंटरवर मी तिन्ही प्रती पसरल्या आणि शेवटच्या पानावर हाताने लिहिलं: 'विस्तार विभागाचा अधिकारी दरमहा एकदा तांड्यावर येईल व शेळ्यांच्या लसीकरणाची व्यवस्था करील.'

सुनीताने वाचून दाखवलं. चांदीबाईंनी मान हलवली. "अधिकारी न्हाई. नाव लिवा. मागला सायेब बदलून गेला, अधिकारी तिथंच हाय."

मी 'अधिकारी' खोडून माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली सही केली. तीनदा. मग कागद त्यांच्याकडे फिरवला. "आता तुमची."

"माझी पुढल्या मयन्यात," त्या म्हणाल्या. "तुमी लस घेऊन आले की."

"अहो, पण शुक्रवारी बैठक आहे! मी काय दाखवू?"

"तुमची सई हाय की. ती दाखवा."

परतीच्या गाडीत तो करार मी पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला. नऊ पानांत 'यथाशक्य' सात वेळा होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मी दारात दिसताच विचारलं, "आणली सही?"

"आणली."

त्यांनी शेवटचं पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला. "ही कोणाची?"

"माझी."

पुढचा अर्धा तास काय झालं ते इथे लिहीत नाही. शुक्रवारच्या बैठकीत तो करार 'प्रगतिपथावर' म्हणून नोंदला गेला. पुढच्या महिन्यात मी पशुवैद्यक विभागातल्या एका मित्राला गळ घातली आणि बर्फाच्या पेटीत लस घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. अख्खी दुपार शेळ्यांमागे धावण्यात गेली. माझा मित्र दोनदा पडला, एका बोकडाने माझ्या शर्टाचा खिसा खाल्ला. शेवटची शेळी सुटल्यावर चांदीबाईंनी हात धुतले, पुसले, पेन मागितलं आणि एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. कोणी घाई केली नाही.

त्या वर्षीच्या बाकी गावांचे करार अजून कपाटात आहेत. त्यांवर सगळ्या सह्या पहिल्याच दिवशी पूर्ण झाल्या होत्या. त्या गावांना मी एकेकदाच गेलो. तांड्यावर किती वेळा गेलो, ते आता मोजता येत नाही.