आवाज बंद ठेवून दिलेला पेपर

मी इंग्रजी ऐकून समजण्याची परीक्षा तयार केली आणि ती द्यायला ऐकावंच लागत नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला अर्धा पावसाळा गेला.

महाडात मी परदेशी निघालेल्यांचे इंग्रजीचे वर्ग घेतो. बाजारातल्या सरावाच्या रेकॉर्डिंगमध्ये लंडनची माणसं लंडनच्या स्टेशनांवर छत्र्या विसरत आणि आमचा वर्ग जांभया देई. म्हटलं, पेपर आपल्या मातीतला काढू. संवाद मी लिहिले, कंडक्टर मी झालो, प्रवासी बायकोला केलं. 'कशेडी घाटात बस का अडकली?' पर्याय: दरड कोसळली, ड्रायव्हर झोपला, पुलाला रंग देत होते, वाघ आडवा आला. वर्गाला धो धो मार्क! मी तर बायकोला म्हणालो, "आपण पुस्तकच काढू."

वर्गात पोलादपूरची एक नर्स होती. परदेशातल्या नोकरीसाठी तिची खरी परीक्षा महिन्यावर आली होती. माझ्याकडे ती कायम पैकीच्या पैकी.

"तू तयार आहेस," मी जाहीर केलं.

"मला तसं वाटत नाय, सर. आजचा नवा पेपर आवाज बंद ठेवून देऊ?"

मी हसत हसत पेपर तिच्या हातात ठेवला. पुन्हा पैकीच्या पैकी.

"अगं, हे कसं?"

"जुलैत कशेडीत दुसरं काय व्हनार, सर? वाघ येनार? शिवथरच्या धबधब्यावर पाय कशावरून घसरला, तर शेवाळावरून. एमआयडीसीतून गर्दी का निघाली, तर शिफ्ट सुटली. हे काय ऐकायला लागतं?"

माझं पुस्तक तिथंच मिटलं. लगेच नवे पेपर काढायला बसलो. आता पर्याय सगळे पटण्यासारखे: दरड, पंक्चर, धुकं, बंद पडलेला ट्रक. संवादात आधी दरडीवर भरपूर बडबड, मग ती हटल्याची बातमी, आणि बस अडकलेली पंक्चरमुळे. पहिल्याच पेपरात तिची निम्मी उत्तरं चुकली. चेहरा उतरला, पण ती हटली नाही. पोलादपूर ते महाड बसमध्ये कानात इअरफोन घालून आमचा नवराबायकोचा आवाज ऐकत राहिली. हळूहळू चुका कमी झाल्या.

ती पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी छाती फुगवून वर्गासमोरच विचारलं, "सांग, माझ्या कोणत्या पेपरांचा उपयोग झाला?"

"नंतरच्या. पयल्या पेपरांना कान लागतच नव्हतं, सर. महाडात जन्म घेतला की पास!"