खिडकीशी टाकलेला रुमाल

२००९ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. आज इथे इंग्लंडात, स्लाऊला सून रुमालांना इस्त्री करत होती, त्या वासाने ती गाडी आठवली.

माझ्या बायकोचं, शांताचं दुखणं बरं होणारं नव्हतं. तिला आल्प्सचे डोंगर बघायचे होते, म्हणून झुरिकहून मिलानला दिवसाची स्वस्त गाडी धरली. मी आधी घुसून खिडकीशी रुमाल टाकला आणि तिला आणायला उतरलो. परत येतो तर तिथे एक पोरगी बसलेली. कुणीतरी विसरलं समजून तिने हसत रुमाल माझ्या हातात दिला.

"अहो, ही काय एसटी आहे?" शांता म्हणाली.

दुखणं सांगून जागा मागणं आम्हा दोघांनाही जमलं नाही. गाडी भरलेली, शांता दाराशी बॅगेवर बसली. डोंगर निघून गेले. तेव्हा त्या पोरीचा राग आला होता. आता वाटतं, तिला काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलान न बघताच मी शांताला घेऊन झुरिकच्या उलट्या गाडीला गेलो, आणि आधी तिला चढवलं.