मावशीची दारं आणि माझी यादी

नोकरी गेली तेव्हा मी कामोठ्यात राहत होतो. सोडली, असं मी लोकांना सांगायचो. दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. मला धंदा करायचा होता आणि धंदा निवडला तो माशांचा. पापलेट आणि हलवा यांतला फरक मला ताटात आल्यावरसुद्धा धड कळायचा नाही. पण त्यामुळे काही अडत नाही असं माझं ठाम मत होतं. मासे कळायला मावशी होती. माझं काम मार्केटिंग.

मावशी उरणकडच्या खाडीवरची कोळीण. तीस वर्षं तिने पाटी डोक्यावर घेऊन काढली होती, आधी पनवेल गावात आणि मग कामोठ्याचे सेक्टर उभे राहिले तसे तिथे. बिनलिफ्टच्या चार मजली बिल्डिंगी चढून तिचे गुडघे कामातून गेले होते. मी तिला म्हटलं, तू फक्त मासे आण आणि माझ्या मोरीत साफ करून दे, जिने मी चढतो. त्या बदल्यात तुझी गिऱ्हाइकं मला सांग. ती गिऱ्हाइकं म्हणायची नाही, दारं म्हणायची. नवरा नव्हता, मुलगा बायकोला घेऊन वेगळा राहत होता. तिच्या नावावर जे काही होतं ते ही दारंच. ती तिने मला चहा पिता पिता देऊन टाकली.

मग मी पंधरा दिवस साधनं निवडत बसलो. मेल पाठवायचं कुठलं घ्यायचं, फेसबुकच्या पोस्ट आधीच लावून ठेवायचं कुठलं. एक्सेलमध्ये तक्ता केला. एकात मराठी अक्षरं फुटून नुसते चौकोन दिसायचे. एक फुकट होतं, पण प्रत्येक मेलच्या खाली स्वतःची जाहिरात चिकटवायचं. तिसऱ्यात कुणी मेल उघडला, कुणी नाही, हे नावानिशी कळायचं. शिवाय एखाद्या गिऱ्हाइकाने दहा दिवस काही मागवलं नाही, तर ते आपणहून त्याला आठवणीचा मेल धाडायचं. मी झोपलेलो असलो तरी. मी त्याच्या प्रेमात पडलो.

मावशी मोरीशी बसून बोंबील साफ करता करता दारं सांगायची आणि मी बाहेरून टाइप करायचो.

"तिसऱ्या माल्यावर डावीकडं. ताय गुरवार पालते. म्हातारीला काटा चालत नाय, तिला मुशी."

"ईमेल काय त्यांचा?"

"त्या तुमी विचारा. मी रांगोली बगते."

रांगोळीचं तिने मला नीट समजावून सांगितलं होतं. जी बाई रोज उंबऱ्यासमोर रांगोळी काढते, तिच्या दारात ती दिसली नाही आणि बाहेर चपला वाढलेल्या असल्या, तर मावशी हाक न मारता पुढे जायची. घरात कुणी गेलेलं असतं. त्या घरात तेरावा होईपर्यंत मासे शिजत नाहीत, आणि दाराशी कोळणीची हाकही नको. दिवस झाले की पुन्हा जायचं, पण हळू आवाजात. हे सगळं ऐकून मी काय केलं, तर फेसबुकवर टाकलं: 'आमच्या मावशींचं सॉफ्टवेअर म्हणजे रांगोळी.' तिचा पाटीसकटचा फोटो लावला. लोक खूप हसले. कुणी तिच्या दातांवर लिहिलं, कुणी तिच्या बोलण्याची नक्कल केली.

"काय बोलतान माणसा?" तिने विचारलं.

मी तिला चांगल्या दोन कमेंट वाचून दाखवल्या. तिला फार आनंद झाला. मग तोच फोटो मी मेलच्या कोपऱ्यात कायमचा बसवला, कारण चेहरा असला की विश्वास वाटतो असं मी कुठेतरी वाचलं होतं.

एके सकाळी ती आली आणि पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "दादा, दोन नंबर बिल्डिंगीतलं आजोबा गेलं. मी जाऊन आली तिथं. तेरावा होईस्तर त्या दाराला काय धाडू नका."

"टाकलं," मी म्हणालो.

काहीही टाकलं नव्हतं. मी त्या वेळी 'ऑर्डर करा' या बटणाचा रंग निवडत होतो. शेवटी नारिंगी ठेवला. तिने पुन्हा विचारलं, "लिवलाव ना?" आणि मी वैतागून म्हणालो, "मावशी, तू मासे बघ. हे माझं काम आहे."

त्या घराची शेवटची ऑर्डर आजोबा गेले त्याच्या आदल्या दिवशीची होती. त्यामुळे दहा दिवसांचा हिशोब बरोबर दहाव्याच्या दिवशी भरला. घरचे लोक घाटावरून परतत होते तेव्हा मुलाच्या फोनवर मेल आला: 'बऱ्याच दिवसांत आठवण नाही काढलीत! आज घरात मेजवानी होऊ द्या.' खाली तळलेली सुरमई, नारिंगी बटण आणि कोपऱ्यात हसणारी मावशी.

त्याचा फोन आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "मावशी आमच्याकडे येऊन रडून गेली. तिला माहीत होतं. तिने तुम्हाला सांगितलं नाही?"

विचार करायला मला क्षणभरही लागला नाही.

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

तो म्हणाला, मी हे सोसायटीत सगळ्यांना सांगणार आहे. मी घाबरलो. नोकरी एकदा गेलीच होती, आता धंदाही जाणार असं वाटलं. मग मी तो मेल लिहिला. आधी स्वतःला पाठवून पाहिला, एक स्वल्पविराम सुधारला आणि यादीतल्या सगळ्यांना धाडला. 'घडल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्याकडे मासे पुरवणाऱ्या मावशींनी दुःखद घटनेची माहिती आमच्यापासून लपवली. त्यांच्याशी असलेला संबंध आम्ही आजपासून संपवला आहे.' तीस वर्षांची दारं, आणि एक क्लिक.

मावशीला मी फोनवर सांगितलं की धंदा थोडे दिवस बंद आहे. पनवेलच्या एका घाऊकवाल्याकडून मासे घ्यायला लागलो. ते साफ करूनच मिळायचे. मोरी कोरडी राहिली, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

आठवडाभराने दुपारी बेल वाजली. मावशी दारात उभी होती, पाटी जवळजवळ भरलेली. धंदा बंद आहे म्हटल्यावर ती पुन्हा स्वतः जिने चढायला निघाली होती. मी आत ये म्हटलं. ती आली नाही, जिन्याच्या पायरीवर बसली.

"दादा, तुमी सगल्या दारांना कायतरी लिवलाय. मला वाचता येत नाय. वाचून दाखवा."

मी लॅपटॉप आणला. तो मेल उघडला, तिच्यासमोर धरला आणि वाचायला लागलो. "आमच्या मावशींची तब्येत बरी नसल्यामुळे त्या काही दिवस विश्रांती घेत आहेत. त्यांना लवकर बरं वाटो, ही प्रार्थना." वाचताना मी ओळींवरून बोटही फिरवलं. ती स्क्रीनकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

वाचून झाल्यावर तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं.

"चार दारांतल्या चार बायांनी मला ह्या वाचून दाखवला," ती म्हणाली. "चौघींनी सारखाच वाचला. तुमचाच येगला कसा?"

मी लॅपटॉप मिटला. तिने कठड्याला धरून पाटी उचलली. मी हात लावायला पुढे झालो तर तिने मान हलवून नको म्हटलं. मग ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली गेली. तिला जिना उतरायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मी दारात उभा राहिलो नाही.

मी आत येऊन टेबलाशी बसलो आणि त्या मेलचा रिपोर्ट उघडला. यादीतल्या जवळजवळ सगळ्यांनी तो वाचला होता, काहींनी दोनदा. इतका वाचला गेलेला मेल मी आधी कधी पाठवला नव्हता. साधन योग्य निवडलं, असं माझ्या मनात आलं. आज त्याची लाज वाटते. त्या दुपारी मात्र मला बरं वाटलं होतं.