टॉवेलाची जागा

सकाळी सातला क्रूझच्या डेकवर चिटपाखरू नव्हतं, तरी एकही खुर्ची मोकळी नव्हती. प्रत्येकीवर निळा टॉवेल पसरलेला. 'खुर्च्या अडवून ठेवू नयेत' अशी ठळक पाटी होती. नेमक्या त्या पाटीखालच्या खुर्चीवरही टॉवेल होताच.

माझ्या सुमनमावशीचे गुडघे दुखत होते. शिक्षिका म्हणून तिची सगळी नोकरी एसटीच्या प्रवासात गेली. टॉवेलाकडे बघून ती हसली. "आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो, तसंच की गं हे!" म्हणाली, आणि टॉवेलाची नीट घडी घालून, तो बाजूला ठेवून ऐसपैस बसली.

"मावशी, कुणीतरी धरलीय ती," मी ओशाळून म्हटलं.

"मग येऊन बसावं त्यानं."

खरंच होतं. रुमाल टाकणारा दाराशी गर्दीत चेंगरत असायचा. रुमालाचा मान आम्ही राखायचो तो त्याच्या त्या धडपडीपायी. इथे मात्र टॉवेल ऊन खात होता आणि मालक खाली गार केबिनमध्ये घोरत होता. झोपलेल्या माणसापुढे मी उगाच का ओशाळत होते?

साडेनऊला एक गृहस्थ कॉफीचा कप घेऊन आले. "एक्सक्यूज मी, इथे माझा टॉवेल होता."

"हो, हा घ्या ना," मावशीनं घडी त्यांच्या हातात दिली. "अगदी जपून ठेवलाय."

इतका वेळ मावशीच्या पायाशी टेकलेली मी उठले. शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि त्यांच्यासमोरच घडी घालायला लागले.