उतारा शिकवला कोणी

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमची इंग्रजी शिकवण्याची पद्धत लिहून द्या, असं चिटणिसांनी फोनवर सांगितलं. दोन पानं पुरेत म्हणाले. तंजावरकडून येऊन चेन्नईत स्थिरावलेल्या आमच्या मराठी कुटुंबांतली बरीच मुलं एके काळी वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंग्रजीला यायची. त्यांतली काही आता परदेशात आहेत आणि घरी फोन केला की माझी चौकशी करतात, असं कळतं. ऐकून बरं वाटतं. पण ती पद्धत माझी नव्हती. ती माझ्या सुनेची होती, आणि हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आज ब्याऐंशीव्या वर्षी लिहायला बसलो आहे, तर तेवढं लिहून ठेवतो.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी एग्मोरच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. बायको आधीच गेली होती. घरात मुलगा, सून आणि सहावीतली नात. मुलगा कॉम्प्युटर कंपनीत होता, सकाळी आठला जायचा तो रात्री जेवायलाच यायचा. सून सांगलीची. तिची मराठी पुस्तकातल्यासारखी, आमची तमिळ मिसळलेली, जुनी. लग्न होऊन आली तेव्हा आमचं बोलणं ऐकून ती तोंडाला पदर लावायची आणि तिचं ऐकून मी म्हणायचो, "हे काय, घरात बोलतेस की भाषण करतेस?" आज मी ही जी मराठी लिहितो आहे ती तिच्या माहेराहून पोस्टाने येणारी मासिकं वाचून वाचून शिकलेली आहे.

आमच्या नात्यागोत्यात इंग्रजीचा शेवटचा शब्द माझा असायचा. कोणाचा नोकरीचा अर्ज असो, नाहीतर घरमालकाला द्यायची नोटीस असो, कागद आधी माझ्याकडे यायचा. मी लाल पेन्सिल फिरवायचो आणि खाली सही केल्यासारखी एक रेघ ओढायचो. सूनबाई नवी असताना एकदा पाहुणे आले होते आणि ती त्यांच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. त्यातलं एक मी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. त्यानंतर तिने माझ्यासमोर इंग्रजी शब्द उच्चारला नाही. ती बी.एस्सी. होती. पण मी मुलाला म्हणायचो, "सांगलीची बी.एस्सी. म्हणजे काय ते ठाऊक आहे मला. लग्नपत्रिकेवर छापायला उपयोग."

नातीला सहावीत पहिल्या चाचणीत इंग्रजीत वीसपैकी नऊ पडले. व्याकरणात ती बरी होती. मार्क गेले होते ते उताऱ्यावरच्या प्रश्नांत. परीक्षेत एक न वाचलेला उतारा देतात आणि खाली प्रश्न असतात. मी म्हणालो, हे काम माझं.

मी शिकवलं ते कचेरीतलं. आमच्याकडे आलेल्या पत्राला उत्तर कसं लिहीत, तर त्या पत्रातलेच शब्द उचलून. आपला शब्द घातला की वरचा साहेब विचारणार, हे कुठून आलं? म्हणून आपला शब्द घालायचाच नाही. तेच मी नातीला सांगितलं. उतारा वाचत बसू नको, वेळ जातो. आधी प्रश्न वाच. प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोध. सापडला की ती ओळ जशीच्या तशी उतरव. तीस वर्षांत माझ्या एकाही उत्तराला आक्षेप आला नव्हता, आणि सहावीच्या पोरीला याहून वेगळं काही लागतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शिवाय एक नियम केला. संध्याकाळी पाच ते सहा हॉलमध्ये फक्त इंग्रजी. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून पंख्याच्या बटणांशेजारी चिकटवलं. आमचं स्वयंपाकघर हॉललाच लागून, मध्ये दार नाही. म्हणजे तो नियम सुनेलाही लागू झाला. ती कॉफी आणून ठेवायची आणि साखर हवी का ते बोटांनी विचारायची. एकदा गॅसवाला आला, तर तिने त्याला उद्या ये म्हणून हातवारे करून सांगितलं. तो बिचारा घाबरून शेजारी विचारायला गेला की या बाईंना काय झालं? नात हसून हसून लोळली. मीही हसलो. नियम चांगला पाळला जातोय असं मला वाटलं.

दुसऱ्या चाचणीत आठ पडले.

मी चिडलो. मुलाला म्हणालो, घरात ही सारखी मराठी बोलते म्हणून पोरीच्या डोक्यात इंग्रजी ठरत नाही. सून आतच होती. तिने ऐकलं असणार. डोशाचा तवा पुसण्याचा आवाज तेवढा थांबला.

सहा वाजले की मी तळ्याच्या बाजूला फिरायला जायचो. एके दिवशी गल्लीच्या टोकालाच चपलेचा अंगठा तुटला. पाय घासत परत आलो. आमच्या दाराची जाळी लावलेली, आतलं लाकडी दार उघडं. बेल दाबणार एवढ्यात आतून माझाच उतारा ऐकू आला.

त्या दिवशीचा उतारा एका हत्तीचा होता. हत्ती लाकडी पुलावर पाय ठेवत नाही, माहूत त्याला मारतो, गावकरी हसतात, आणि मग पुलाच्या फळ्या कुजलेल्या निघतात. हत्ती का थांबला, या प्रश्नाला नातीने माझ्यासमोर लिहिलं होतं की हत्ती थांबला कारण तो पुढे गेला नाही. ओळ उताऱ्यातलीच होती. मी बरोबरची खूण केली होती.

आत सून नारळ खवत होती. खवणीचा आवाज येत होता.

"मग काय झालं गं? गेला का हत्ती?"

"नाही ना अम्मा. तो नुसता उभा. सोंडेने फळी चाचपून बघत होता."

"मग माहुताला दिसलं नाही का?"

"तो वर बसलाय. वरून कसं दिसणार? खालच्यालाच दिसतं."

"हं. आणि फळ्या कुजक्या निघाल्यावर? माहुताला कसं वाटलं असेल?"

नातीने जरा विचार केला. "लाज वाटली असेल. पण हत्तीला सॉरी म्हणून काय उपयोग, त्याला भाषा कुठे कळते?"

"कळते गं. बोलता येत नाही एवढंच. बरं, हे इंग्लिशमध्ये कसं सांगशील? मला काय कळणार नाही म्हणा, पण सांग तर."

आणि माझी नात, जिला ओळ शोधायला पाच मिनिटं लागायची, ती तोंडाला येईल तसं इंग्रजीत बोलायला लागली. अडखळत, पण स्वतःचं. हत्ती का थांबला ते तिने तीन वाक्यांत सांगितलं. त्यातलं एकही उताऱ्यात नव्हतं.

मी बेल दाबली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. नंतर कितीतरी संध्याकाळी मी फिरायला म्हणून निघायचो आणि त्याच पायरीवर बसून ऐकायचो. वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामी विचारायच्या, "काय सार, गुडघे दुखतात का?" मी हो म्हणायचो.

सहामाहीत नातीला उताऱ्यावर एकही मार्क कमी पडला नाही. शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा आम्ही सगळेच गेलो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हिची उत्तरं इतर मुलांसारखी पुस्तकातून उचललेली नसतात, ती स्वतःच्या शब्दांत लिहिते. घरी कोण शिकवतं?

माझा मुलगा लगेच म्हणाला, "माझे वडील. सगळी नोकरी इंग्रजी ड्राफ्टिंगमध्ये गेली त्यांची."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सून माझ्या शेजारीच उभी होती. त्या क्षणी मी काहीही म्हणू शकलो असतो. "मी नाही, ही" एवढंच म्हणायचं होतं. मी हात जोडले आणि मान लववली.

परतताना शेअर ऑटोत दाटीवाटीने बसलो होतो. नात म्हणाली, "ताता, टीचरला अम्माचं का नाही सांगितलं?" आमच्याकडची मुलं आजोबांना ताताच म्हणतात.

मी बाहेर बघत राहिलो. सूनच म्हणाली, "गप बस गं. वाऱ्यात कुणाला ऐकू येतंय?"

इथपर्यंत एक चूक झाली असं म्हणता येईल. पुढचं मी समजून उमजून केलं. शाळेतली बातमी पसरली आणि आमच्या लोकांची मुलं यायला लागली, एक, मग तीन, मग सात. मी भिंतीवरचं पान काढून टाकलं. मुलाने विचारलं तर म्हणालो, आता गरज नाही. आणि मुलांना मी सुनेचे प्रश्न विचारायला लागलो. आधी मला गोष्ट सांगा, तमिळमध्ये सांगा, मराठीत सांगा, पुस्तक मिटून. त्याला कसं वाटलं असेल? तुम्ही असता तर? मग इंग्रजीत. मुलं खूष होती. आईबाप विचारायचे, सार, हे तुम्हाला कसं सुचलं? मी म्हणायचो, अनुभव. पायरीवर बसून मिळवलेला अनुभव, तेवढं सांगत नव्हतो.

आत ती भाजी चिरत माझ्या तोंडून स्वतःचे प्रश्न ऐकत असायची. एका संध्याकाळी तिने माझ्यासमोर कॉफीचा पेला ठेवला आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "अप्पा, तो हत्तीचा उतारा नाही दिलात या मुलांना?"

मी समोरच्या वह्या चाळल्या. "सापडत नाही कुठे."

"माझ्याकडे आहे. देऊ?"

"राहू दे," मी म्हणालो. ती गालात हसून आत गेली. तिला कळलं होतं. तरीही ना ती मुलाजवळ काही बोलली, ना मी. पाच वर्षं मी त्या मुलांना शिकवलं. मग डोळे गेले आणि शिकवणं थांबलं. ऑपरेशन होऊन मोतीबिंदू काढला, पण तोपर्यंत मुलं मोठी झाली होती.

हे इथपर्यंत लिहून झाल्यावर मला वाटलं, छापायला देण्याआधी जिचं आहे तिला वाचून दाखवावं. परवा दुपारी ती जेवणाच्या टेबलावर शेवग्याचा पाला निवडत बसली होती. मुलगा कामावर, नात लग्न होऊन पुण्याला. मी समोर बसून सगळं वाचलं. तिने मान वर केली नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, चालूच होतं.

झाल्यावर म्हणाली, "छान लिहिलंय अप्पा. एकच चुकलं."

"काय?"

"मी शिकवत नव्हते तिला."

मला वाटलं ती संकोचाने म्हणते आहे. म्हणालो, "अगं, मी स्वतः ऐकलंय."

"ऐकलंत ते खरंच आहे. पण मला शिकवायचं नव्हतं. हे रात्री यायचे ते थकून. खालच्या बायका तमिळमध्ये बोलायच्या, तेव्हा मला नीट यायचंही नाही. पोरगी शाळेतून आली की मैत्रिणींशी तमिळ, पाच वाजले की तुमच्याशी इंग्लिश. मग माझ्याशी बोलणार कोण आणि काय? म्हटलं, निदान उतारा तरी सांग मराठीत."

"पण तुला तर तो इंग्रजीतही कळत होता. शेजारीच होतीस."

"कळत होता हो. पाच ते सहा सगळं ऐकूच येत होतं. पण कळला म्हटलं असतं तर तिने मला कशाला सांगितला असता?"

श्रेय परत करायला म्हणून मी मोठ्या मनाने बसलो होतो. तिचं जे मी घेतलं होतं ते वेगळंच निघालं, तिचं घरातलं बोलणं, आणि ते पद्धत या शब्दात मावणारं नव्हतं.

मी विचारलं, "मग हे खोडू का? देऊ नको मंडळाला?"

"खोडू नका. द्या. पण हेही घाला," ती म्हणाली. "आणि बसलाच आहात तर हात चालवा. एवढा पाला मी एकटी कधी निवडू?"

मी एक काडी उचलली. पानं ओरबाडायची की खुडायची ते मला येत नव्हतं. तिने दाखवलं. मग मी तिला विचारलं, लग्नाआधी सांगलीला संध्याकाळी पाचला तुमच्या घरी काय चालू असायचं? हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

तिने हातातली काडी खाली ठेवली. "कधीचं सांगू? शाळेतलं की कॉलेजातलं?"

"शाळेपासून सांग," मी म्हणालो.