साडेदहाची शाळा, निघायचं किती वाजता?

वीस वर्षं प्राथमिकला काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, खडूच्या भुकटीसारखे आपोआप अंगावर बसतात. त्यातून 'वेळेची उदाहरणं' शिकवायला घ्या, मग बघा! आमची शाळा पिंपळनेरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. शिक्षक मी एकटी, पट पंधरा. पट कमी म्हणून शाळा बंद करून पोरांना पाच किलोमीटरवरच्या शाळेत धाडायचं चाललंय. त्यामुळं यंदा हसत सांगायला बसले तरी तोंड कडू होतं.

*

चौथीला उदाहरण घातलं, "बस आठला सुटते, चाळीस मिनिटांत पोचते. किती वाजता पोचेल?"

मागून आवाज, "मॅडम, बजारना दिन का सादा दिन?"

आमच्याकडं बस फक्त बाजाराच्या दिवशी येते. पुस्तक लिहिणाऱ्याला कोण सांगणार!

*

तीन वाजून वीस मिनिटांतून एक तास पन्नास मिनिटं वजा करा म्हटलं, की पोरं तासाची साठऐवजी शंभर मिनिटं करतात. उत्तर, एक तास सत्तर मिनिटं! मी जाम ओरडायची. परवा वरून तासिकांचा तक्ता आला. त्यातही एक तास सत्तर मिनिटं, खाली सही, शिक्का. आता मी कुणाचा कान धरू?

*

हजेरी मोबाइलवर लावायची. शाळेत रेंज नाही. साडेदहाला येते, पोरांना कामाला लावते, मग टेकाडावर चढते. हजेरी लागेस्तोवर सव्वाअकरा. नोटीस आली, 'रोज पंचेचाळीस मिनिटे उशीर.' वजाबाकी मात्र अगदी बरोबर हो!

*

'वर्गातला वेळ वाया कसा जाऊ देऊ नये' या विषयावर मला तीन दिवस ट्रेनिंगला बसवलं. तीन दिवस शाळेला कुलूप.

*

मग तपासणी. साहेबांच्या अहवालावर शाळा राहणार की जाणार ते ठरणार होतं. अकराला येणार होते. पोरं तेल लावून, भांग पाडून ओट्यावर बसलेली. तीनला जीप दिसली. मी चिडून गणेशला विचारलं, "सांग, साहेबांना किती तास उशीर झाला?"

"साहेबले उशीर व्हत नही, मॅडम!"

चौथीतच शहाणा झाला बिचारा.

*

साहेबांनी तिसरी-चौथीच्या सहा जणांना पाट्या काढायला लावल्या. "नवी शाळा साडेदहाची. चालत जायला सव्वा तास. घरून किती वाजता निघाल?"

पाच पाट्यांवर सव्वानऊ. माझा जीव भांड्यात पडला. जयश्रीची पाटी कोरी. माझी सगळ्यात हुशार पोर, असली गणितं तोंडी करते!

"का गं, येत नाही?"

"येस ना, साहेब. पन माले निंघनंच नही शे. मना आबा म्हनतस, गावनी शाळा बंद व्हयनी का तू घरमाच ऱ्हाय."

साहेबांनी पाटी परत दिली. मग पेन काढलं आणि अहवालात लिहिलं, 'वेळेची उदाहरणे : सहापैकी पाच बरोबर. एक विद्यार्थिनी कच्ची.'